शंभर लिटर जवाचं सरबत

हो म्हणायला पूर्वाला फारसा वेळ लागला नाही. फोन ओमानच्या किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याहून अमीरुन्निसाभाभींचा होता. त्यांच्या समरीनचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. मुलगा मस्कतचा, घराणं मूळचं श्रीवर्धनचं. भाभींनी आधी मांडवाचं सांगितलं, मग जेवणाचं, मग मुलाच्या आईच्या स्वभावाचं, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, “पूर्वा, तुज्या हातचा तो जवाचा शरबत मला लग्नात हवा हाय. दुकानातल्या बाटल्या नकोत. येनाऱ्या प्रत्येकाच्या हातात तुजा शरबत.”

“किती माणसं असतील, भाभी?”

“साडेतीनशे धर.”

“होईल,” पूर्वा म्हणाली.

समोर बसून बूट घालणाऱ्या जितेशने मान वर केली. फोन ठेवल्यावर त्याने शांतपणे विचारलं, “साडेतीनशे माणसं म्हणजे किती लिटर?”

“शंभर. काही जण दुसऱ्यांदा मागतीलच.”

“आणि तुझ्याकडे एका वेळेला होतं किती?”

“बारा.”

जितेश हसला आणि रुसैलची बस पकडायला निघून गेला. तिथल्या प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स बघायचा. बायको एकदा होईल म्हणाली की मध्ये बोलायचं नाही, एवढं तो लग्नाच्या सहा वर्षांत शिकला होता.

पूर्वाला स्वतःबद्दल खात्री वाटावी असं कारणही होतं. लग्नाआधी चार वर्षं ती वाळूजच्या एका बियर कारखान्यात, ब्रू-हाऊसमध्ये होती. तिथे तिच्या शिफ्टला एका खेपेत ट्रकभर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, पाण्यात पडायचं. ओमानला आल्यावर फॅमिली व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. पहिली तीन वर्षं जितेशचं काम खाबुऱ्याच्या बाजूला होतं आणि ती दोघं मजीदभाईंच्या कापडाच्या दुकानावरच्या माडीवर राहायची; मग ती मस्कतजवळ अल खूदला आली. मजीदभाईंची बायको म्हणजे अमीरुन्निसाभाभी. नव्या देशात दूध कुठे मिळतं, कोणत्या वेळी दुकानं बंद असतात, पाण्याचा टँकर आला नाही तर कुणाला ओरडायचं, हे सगळं पूर्वाला भाभींनीच शिकवलं होतं. समरीन तेव्हा शाळेत होती आणि गणित विचारायला वर यायची.

त्या माडीवर, एका उन्हाळ्यात रिकामे हात बसवेनात म्हणून, पूर्वाने जवाचं सरबत करायला घेतलं होतं. तिकडे बकऱ्यांना आणि उंटांना घालायला जव पोत्यांनी मिळतात. त्यातले चांगले निवडून तिने भिजवले, मोड आणले, गच्चीवर कडक उन्हात वाळवले आणि भरडले. ते भरड ऊन पाण्यात तासभर धरून ठेवायचं. पाणी फार कढत नाही, कोमटही नाही, साधारण पासष्ट अंशांवर. तेवढ्या वेळात जवातल्या पिठाची आपोआप साखर होते. वरून चिमूटभरही घालावी लागत नाही. मग ते पाणी गाळायचं, उकळायचं आणि गार करायचं. याच पाण्यात पुढे यीस्ट टाकलं की बियर होते, आणि न टाकता लगेच गार करून प्यायलं की मधासारखं, भाजक्या धान्याच्या वासाचं सरबत होतं. बियरला कडवटपणा हॉप्सच्या फुलांनी येतो. ती इथे मिळायची नाहीत, आणि पूर्वाला ती नकोही होती. तिने उकळताना लुमी घातली. लुमी म्हणजे ओमानी लोक रश्श्यात टाकतात ते वाळवून काळं केलेलं लिंबू. आंबट, किंचित कडू, धुरकट. पहिल्याच खेपेला भाभी तीन ग्लास प्यायल्या होत्या.

भांडं म्हणून तिला जितेशने साइटवरचा एक जुना कूलर आणून दिला होता. कामगारांसाठी थंड पाणी भरून ठेवतात, खाली नळ असतो, तो केशरी कूलर. जो डबा थंडी आत धरतो तो ऊबही धरतो, हे पूर्वाने ओळखलं होतं. तळाशी एक भोकांची स्टीलची थाळी बसवली की झालं काम. भरड आणि ऊन पाणी आत, झाकण बंद, तासाभराने नळ उघडला की गाळलेलं सरबत खाली. घरात एवढंच होतं: तो कूलर आणि उकळायला तीस लिटरचं पातेलं.

दुसरा कूलर विकत घेणं हा सोपा उपाय होता, आणि जितेशने संध्याकाळी तो सुचवलाही.

“दोन घेतले तरी चार खेपा कराव्या लागतील,” पूर्वा म्हणाली. “आणि शंभर लिटर पाणी तू इथून खाबुऱ्याला नेणार कशात? पाणी तिथे आहेच की. मी पाणी कशाला नेऊ? मी फक्त अर्क नेते.”

कूलरमध्ये ती नेहमी पाणी जास्त आणि भरड कमी घालायची, कारण त्यामुळे काम सोपं होतं. आता उलट करायचं ठरलं. भरड गच्च भरायचं, पाणी जेमतेम. निघेल ते दाट, काकवीसारखं गोड. लग्नाच्या ठिकाणी त्यात दुप्पट पाणी आणि बर्फ. एका खेपेत नऊ लिटर अर्क निघाला तर त्याचं निदान पंचवीस लिटर सरबत. म्हणजे चार खेपा पुरल्या.

पहिली चाचणी तिने डिसेंबरच्या एका शुक्रवारी घेतली आणि ती साफ बिघडली. जास्तीत जास्त साखर उतरावी म्हणून तिने जव मिक्सरमधून बारीक काढले होते. तासाभराने नळ उघडला तर थेंब येईना. झाकण काढून बघितलं तर आत पिठल्यासारखा गोळा. जितेशने उलथन्याने ढवळून पाहिलं, नळात फुंकर मारून पाहिली.

“अडकलं,” तो म्हणाला.

“अडकणारच. माझीच चूक,” पूर्वा म्हणाली. तिला वाईट वाटण्यापेक्षा जुनी ओळख लागल्यासारखं वाटत होतं. वाळूजला हे रात्रपाळीत व्हायचं आणि मग सगळी शिफ्ट फावडी घेऊन आत उतरायची. “सालं अख्खी राहायला हवीत. सालांचीच चाळण होते. मी सालांचंही पीठ केलं.”

तो गोळा खालच्या वॉचमनच्या कोंबड्यांनी संपवला. पुढचे जव तिने सीबच्या बाजारातल्या पिठाच्या गिरणीत नेले. गिरणीवाला पाकिस्तानी होता. तिने त्याला गिरणीचे दगड एकमेकांपासून लांब ठेवायला सांगितले. दाणा फुटला पाहिजे, पण साल फाटता कामा नये. त्याने तीनदा थोडं थोडं दळून तिला दाखवलं आणि तिसऱ्यांदा तिने मान डोलावली.

दुसरी चाचणी नळातून नीट उतरली, पण गोडी कमी. हेही तिला थर्मामीटर बघताच कळलं. भरड जास्त, पाणी थोडं. थंडगार भरडानेच पाण्याची ऊब खाऊन टाकली होती. त्यावरचा उपाय गच्चीवरच होता. जानेवारीतही दुपारचं ऊन बरं असतं. तिने भरड दुपारभर काळ्या ताडपत्रीवर पसरलं, कूलर आधी उकळत्या पाण्याने शेकून घेतला, आणि मग ऊन भरडावर ऊन पाणी घातलं. त्या खेपेला जे नळातून उतरलं ते तांबूस होतं आणि चमच्याला चिकटत होतं. एक भाग अर्क, दोन भाग पाणी, बर्फ. जितेशने ग्लास संपवला आणि दुसरा स्वतः ओतून घेतला.

“आता मला सांग,” तो म्हणाला, “हे आधीपासून असंच का नाही केलंस?”

“आधी साडेतीनशे माणसं कुठे होती?”

लग्नाला आठवडा उरला असताना भाभींचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज दबका होता. मजीदभाईंच्या तोंडून सहज निघून गेलं होतं की पूर्वा पूर्वी बियरच्या कारखान्यात होती. ऐकणारे होते बाबामियाँ, भाभींचे मामा. सोहारच्या एका कंपनीच्या मेसमध्ये ते वर्षानुवर्षं खानसामा होते आणि बातिना किनाऱ्यावरच्या कोकणी लग्नांत बिर्याणीच्या देगी तेच चढवायचे. समरीनच्या लग्नाचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडे होता.

“मामू म्हनतात, जव कुजवून केलेला पानी मी वाढनार नाय,” भाभी म्हणाल्या. “मी त्यांना सांगितला, अहो, आमी तीन वर्सं पितो. पन ते ऐकत नायत. पूर्वा, तू वाईट वाटून घेऊ नको. आपन या वेळेला राहू दे काय?”

पूर्वाला वाईट वाटलं होतंच. पण त्याहून जास्त तिला हे कळत होतं की त्या माणसाचा प्रश्न बरोबर आहे. कारखान्यात तिनेच हजार वेळा तो विचारला होता, फक्त उलट्या बाजूने: आंबायला लागलं का?

“मामूंचा नंबर द्या, भाभी. मी बोलते.”

बाबामियाँनी फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता. पूर्वाने नाव सांगितलं. पलीकडून ते म्हणाले, “बेटी, तुज्याबद्दल मला कायपन बोलायचा नाय. अमीरुन तुला पोरीसारखी मानते. पन देगीवर मी उभा असनार. उद्या मुलाकडच्या कोनी विचारला, हे काय हाय, तर जबाब मला द्यायचा हाय.”

“विचारणं बरोबर आहे तुमचं, चाचा. यात नशा नसते. पण उकळून नीट ठेवलं नाही तर ते आंबू शकतं, हेही खरं.”

“मग आंबला की नाय, ते मला कळनार कसा? मी तर चाखून बघनार नाय.”

“चाखायची गरजच नाही. आंबलं की ते गप्प बसत नाही. झाकण फुगतं, उघडलं की फसफसतं, वास बदलतो. आणि मी त्या दिवशी थोडं भरड सोबत आणते. तुमच्यासमोर पहिल्यापासून करून दाखवते. पाण्यात काय पडतं आणि काय पडत नाही, ते तुम्ही बघा. मग वाढायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणालात तर मी सगळं परत घेऊन जाईन.”

बाबामियाँ म्हणाले, “आन. मी बघतो.”

लग्नाच्या दोन दिवस आधीपासून अल खूदच्या त्या लहान स्वयंपाकघरात चार खेपा झाल्या. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी दोन. पूर्वाने प्रत्येक खेप लुमी घालून उकळली, गार केली आणि उकळत्या पाण्याने विसळलेल्या कॅनमध्ये भरली. तीन कॅन फ्रीजरमध्ये दगडासारखे गोठले. चौथ्याला जागा उरली नाही म्हणून तो फ्रीजच्या खालच्या, जेमतेम गार राहणाऱ्या कप्प्यात उभा राहिला. तिला ते फारसं आवडलं नव्हतं, पण एका रात्रीचा प्रश्न होता. शुक्रवारी सकाळी जितेशने कॅन, कूलर, पातेलं, थर्मामीटर आणि भरडाची पिशवी गाडीत घातली आणि दोघं बातिनाच्या हमरस्त्याला लागली. बर्फाच्या दोन पेट्यांत तीन गोठलेले कॅन बसले. चौथा मागच्या सीटवर, ओल्या चादरीत गुंडाळलेला.

लग्न खाबुऱ्याच्या बाहेर खजुराच्या एका मळ्यात होतं. मजीदभाईंच्या एका ओमानी गिऱ्हाइकाने मळा दिला होता. मांडव उभा राहिला होता, आणि एका बाजूला, वाळूत खणलेल्या चुलींवर, बाबामियाँच्या देगी चढल्या होत्या. ते स्वतः उंच, सुकलेले, पांढऱ्या दाढीचे. कमरेला पंचा आणि हातात फावड्याएवढा झारा. त्यांनी पूर्वाचा सलाम घेतला, जितेशला सावलीतली खुर्ची दाखवली आणि पुन्हा कांद्याकडे वळले.

पूर्वाने कॅन रांगेत ठेवले. पहिले तीन अजून अर्धे गोठलेलेच होते. चौथ्याची चादर सोडली आणि तिला हात लावायच्या आधीच दिसलं. कॅनच्या सपाट बाजू फुगल्या होत्या. तिने झाकण हलकेच फिरवलं. बारीक फुस्स आवाज आला. तिने वाकून वास घेतला. तो वास तिला झोपेतही ओळखता आला असता. चार वर्षं ती त्या वासात राहिली होती.

मान वर केली तर बाबामियाँ झारा घेऊन तिच्यामागे उभे होते.

“फिरला?” त्यांनी विचारलं.

“फिरला. नुकताच, अगदी जरासा. पण फिरला.”

भाभीही आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. “पूर्वा, थोडासाच हाय ना? पुन्ना उकळला तर?”

“नाही, भाभी.” पूर्वाने कॅन दोन्ही हातांनी उचलला. जितेश मदतीला उठला, पण तिने मानेनेच नको म्हटलं. मांडवापासून लांब, बाभळीच्या पलीकडे जाऊन तिने तो संपूर्ण कॅन वाळूत उपडा केला. तांबूस फेस वाळूत जिरून गेला. रिकामा कॅन तिने गाडीत टाकला, नळाखाली हात धुतले आणि परत आली.

“हे असं ओळखायचं, चाचा,” ती म्हणाली. “बाकीचे तीन तुम्ही स्वतः उघडून बघा.”

बाबामियाँनी तिन्ही कॅन एकेक करून उघडले. प्रत्येकावर कान धरला, वास घेतला. एकही फसफसला नाही. ते पुन्हा चुलीकडे गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

“पंचवीस लिटर कमी पडलं,” जितेश म्हणाला. “पाणी जरा जास्त घालून चालेल का?”

“पातळ मी देणार नाही.” पूर्वाने भरडाच्या पिशवीकडे बघितलं. दाखवण्यापुरतं म्हणून आणलेलं भरड तिने नेहमीप्रमाणे हात सैल सोडूनच भरलं होतं. त्यातून सहज एक खेप निघाली असती. प्रश्न कूलरचा होता. गाडीत तो थंड पडला होता, इथे गच्ची नव्हती, ताडपत्री नव्हती, भरड गार होतं, आणि समुद्रावरून वारा सुटला होता. अशा वेळी कूलरमध्ये पातळ सरबतच निघणार, हे तिला दुसऱ्या चाचणीने शिकवलं होतं.

“चाचा, एखादी देग रिकामी आहे का?”

“दालच्याची हाय, त्या डाळ-गोश्ताची. दुपारच्या नमाजनंतर लागनार.”

“तेवढ्यात होईल. मला आच नकोय. फक्त ऊब धरून ठेवायचीय, तासभर. ना वाढली पाहिजे, ना उतरली पाहिजे.”

बाबामियाँच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. “म्हंजे दम.”

“दमच म्हणा. पण तुमच्या दमापेक्षा पुष्कळ हलका.”

“मग असा बोल ना.” त्यांनी पंचा सारखा केला. एक चूल विझवून त्यातले निखारे बाहेर ओढायला लावले. तापलेली वाळू बोटांनी चाचपली, थोडी थंड वाळू वर टाकली, पुन्हा चाचपली. दुसऱ्या चुलीवर देगीत पाणी तापून तयार झाल्यावर पूर्वाने थर्मामीटर बुडवला, लोटाभर गार पाणी घातलं, पुन्हा बुडवला. मग भरड ओतायला लागली आणि बाबामियाँ झाऱ्याने ढवळत राहिले, खालून वर, एकही गुठळी न ठेवता. देग त्या उबदार खड्ड्यात उतरली. वर झाकण, झाकणावर गोणपाट, गोणपाटावर मजीदभाईंच्या घरातली एक जुनी गोधडी.

“आता याच्यात आनखी काय पडनार?” बाबामियाँनी विचारलं.

“लुमी. उकळताना.”

“बस?”

“बस.”

ते गोणीवर बसले. पूर्वा शेजारी वाळूत बसली. तिच्या मनात धाकधूक फक्त एका गोष्टीची होती, ती म्हणजे बाजूने ऊब किती निसटतेय. अर्ध्या तासाने तिने गोधडीचा कोपरा उचलून थर्मामीटर आत सोडला. पासष्ट. तासाने पुन्हा बघितलं. चौसष्ट. तिच्या कूलरने एवढ्या वेळात तीन-चार अंश सहज गमावले असते. तिला हसू आलं. वाळूजच्या त्या प्रचंड टाक्यांना गोधडीही लागत नसे. तापलेला ऐवज जितका मोठा, मग तो घाणा असो की वाळू, तितकी ऊब जास्त वेळ टिकते, हे तिला पाठ होतं. पण इतके दिवस वीस लिटरच्या डब्याशी झगडताना ती ते विसरूनच गेली होती. आणखी एक गोष्ट तिच्या तेव्हाच लक्षात आली. त्या एकट्या कूलरकडून ती दोन कामं करून घेत होती, ऊब धरायचं आणि गाळायचं. ऊब धरायला देग असेल तर कूलर नुसता गाळायला मोकळा.

तिने तसंच केलं. बाबामियाँ पातेलीभर भरड देगीतून काढून कूलरमध्ये ओतायचे, नळातून अर्क पातेल्यात उतरायचा, ते निथळलं की पुढची पातेली. चार-पाच पातेल्यांत देग मोकळी झाली. लुमीबरोबर पातेलं उकळलं. जितेशने मासळी बाजाराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या आणि पातेलं त्यात रुतवून ठेवलं. दालच्यासाठी देग घासून परत गेली तेव्हा नमाज नुकतीच संपली होती.

बाबामियाँनी गार झालेल्या अर्कात स्वतः पाणी मिसळलं. मग एक पेला भरला. पूर्वा, भाभी आणि मजीदभाई बघत होते. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, एक घोट घेतला, थांबले, आणि उरलेलं सावकाश प्यायले.

“लुमी एक जास्त पडली,” ते म्हणाले.

“एक मुद्दाम जास्त घातली. बर्फ वितळला की बरोबर लागेल.”

त्यांनी मान हलवली. “बरा हाय. खूप बरा हाय. अमीरुन, मोठे जग काढ.”

संध्याकाळी निकाह लागला. बायकांच्या बाजूला समरीन हिरव्या ओढणीत बसली होती आणि मेंदीच्या हातांना ग्लास धरता येत नव्हता, म्हणून पूर्वाने तिला दोन घोट पाजले. “पूर्वादीदी, अगदी घरच्यासारखा,” समरीन कानात म्हणाली. मुलाच्या आईने एक ग्लास घेतला आणि थोड्या वेळाने स्वतःहून दुसरा मागितला. मग तिने भाभींना विचारलं, हे कुठून मागवलं. भाभींनी इकडेतिकडे न बघता पूर्वाचा हात धरून तिला पुढे ओढलं.

“मागवला नाय. आमच्या पूर्वाने केला. बियरच्या कारखान्यात साहेब होती ती. जवाचा तिला सगळा कळतो. हा बिनानशेचा. आमच्या मामूंनी सोता उभे राहून बनवून घेतला.”

मुलाच्या आईने पूर्वाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “मस्कतला आमच्या घरी येऊन शिकवाल काय?”

“या ना तुम्हीच अल खूदला. कूलर तिथेच असतो,” पूर्वा म्हणाली.

जेवणं चालू असतानाच सरबत संपलं. शेवटचा जग जितेशने ओमानी मळामालकाला नेऊन दिला. त्याने मुलांना हाका मारून तो तिथेच वाटून टाकला.

पाहुणे पांगायला लागले. देगी थंड होत होत्या. पूर्वा आपलं पातेलं घासायला नळाकडे गेली तर बाबामियाँ उरलेल्या सालांचा ढीग गोणीत भरत होते.

“तुज्या त्या कारखान्यात,” त्यांनी विचारलं, “केवढी देग असे?”

पूर्वाने मांडवाकडे बोट दाखवलं. “या मांडवाएवढी. आणि उंची त्याच्या दुप्पट. आत उतरायला शिडी लागायची.”

बाबामियाँ मांडवाकडे बघत राहिले. “आनि ढवळायचे कसे?”

“मोटरवर पाती फिरायची. पण बिघडली की आम्हीच. लांब दांड्याची फावडी घेऊन.”

“तू पन?”

“मी पण.”

ते खाली गोणीवर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडून तिला बसायची खूण केली. “बस. मला नीट सांग. एवढा ऊन पानी सगळीकडे सारखा कसा ठेवत?”

पूर्वाने पातेलं बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.